सेंद्रिय महोत्सवात काय पाहावे, काय विचारावे: सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दिवाळी आटोपली की सोलापुरात प्रदर्शनांचा आणि जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि तो संक्रांतीला होम मैदानावर भरणाऱ्या गड्डा यात्रेपर्यंत चालतो. सेंद्रिय शेतमाल, देशी बियाणे, लाकडी घाण्याचे तेल, हातमागाचे कापड, सौर उपकरणे आणि घरगुती खत हे सारे एकाच मंडपात आणणारे महोत्सव याच दिवसांत पाहायला मिळतात. तेथे जाणारा माणूस बहुधा दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर ‘सेंद्रिय’ ही पाटी वाचून भारावून दुप्पट किमतीची खरेदी करतो, नाहीतर ‘हे सगळे थोतांड आहे’ असे म्हणत वडापाव खाऊन परततो. या दोन्हींपेक्षा उपयुक्त असा एक मार्ग आहे. मंडपात विकणाऱ्यापेक्षा पिकवणारा किंवा बनवणारा माणूस शोधावा आणि त्याला हंगामाविषयी विचारावे. माल कधी निघाला, त्या वर्षी कोणती अडचण आली आणि ती कशी निभावली, हे ज्याने स्वतः केले आहे तो न अडखळता सांगतो. ज्याने बाजारातून माल उचलून नवी पिशवी चढवली आहे त्याला ते सांगता येत नाही.

निघण्यापूर्वी

पहिले काम घरातच करायचे आहे. स्वयंपाकघरातील डबे उघडून महिन्याभरात काय संपणार आहे, याची यादी करावी. यादी नसली की सुगंधी साबण आणि रंगवलेल्या पणत्या यांतच पैसे संपतात आणि ज्या ज्वारीसाठी आपण गेलो ती राहून जाते. सौर पॅनेल किंवा पावसाचे पाणी साठवण्याची व्यवस्था यांबद्दल विचारायचे असेल, तर गच्चीची लांबी-रुंदी मोजून घ्यावी, गच्चीवर शेजारच्या इमारतीची किंवा टाकीची सावली कोणत्या वेळी पडते ते पाहून ठेवावे आणि अलीकडच्या वीजबिलाचे छायाचित्र मोबाइलमध्ये असू द्यावे. ही माहिती हाताशी नसेल, तर विक्रेत्याचे उत्तर ‘साहेब, आम्ही येऊन पाहतो’ यापलीकडे जात नाही.

दोन-तीन घट्ट विणीच्या कापडी पिशव्या, तेलासाठी स्वच्छ आणि पूर्ण कोरडी काचेची बरणी, चटणीसाठी झाकणाचा डबा, पाण्याची बाटली आणि जमल्यास एक ताटली व चमचा एवढे बरोबर घ्यावे. बरणीत पाण्याचा थेंब राहिला तर घाण्याचे तेल लवकर खवट होते, म्हणून ती आदल्या दिवशी उन्हात वाळवावी. प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले आणि नळ्या यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरीही खाद्यपदार्थांच्या गर्दीत त्या दिसतात आणि अशा वेळी आपली ताटली पुढे करणे हा वाद घालण्यापेक्षा सोपा उपाय ठरतो. सुटे पैसे जवळ असावेत, कारण गर्दीच्या मैदानात नेटवर्क अडकले की मोबाइलवरून पैसे जाण्यास वेळ लागतो आणि खेड्यातून आलेल्या बचत गटाच्या ताईंची रांग खोळंबते.

शक्य असेल तर पहिल्या दिवशी सकाळी जावे. पालेभाज्या आणि फळे दुपारपर्यंत निवडून संपतात आणि शेतकऱ्याला बोलायला उसंत असते ती सकाळीच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाव थोडे उतरतात हे खरे, परंतु तेव्हा राहिलेला माल निवडून उरलेला असतो. महोत्सव मार्चनंतर भरला असेल, तर दुपारी बारा ते चार ही वेळ टाळावीच. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या मंडपात धान्य पारखण्याचे भान राहत नाही. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा किंवा अक्कलकोट येथून एसटीने येणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या गाडीची चौकशी आधीच करावी आणि पोत्याने धान्य घ्यायचे असेल तर ते नंतर पोचवण्याची सोय विचारून ठेवावी.

पहिली फेरी पिशवी न उघडता

आत गेल्यावर सगळ्या दालनांवरून एकदा नुसती चक्कर मारावी. कोणत्या टेबलामागे शेतकरी कुटुंब बसले आहे, कोठे बचत गट आहे, कोठे दुकानदार आहे आणि कोठे केवळ कंपनीचा पगारी प्रतिनिधी माहितीपत्रके वाटत आहे, हे या फेरीत कळते. यातील कोणीही वाईट नाही; मात्र प्रत्येकाला विचारायचे प्रश्न वेगळे असतात. एका टेबलावर हिमालयातील राजमा, कोकणातील कोकम, केरळची मिरी आणि मंगळवेढ्याची ज्वारी असे सगळे मांडलेले असेल, तर तो व्यापारी आहे असे समजावे आणि त्याच्याकडून ‘आमच्या शेतातले’ हे शब्द ऐकू आले तर पुढे सरकावे.

ज्वारी, डाळी आणि डाळिंब

सोलापूरच्या महोत्सवात सर्वांत जास्त वेळ ज्वारीसाठी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि मालदांडी या वाणाचे नाव भाकरी खाणाऱ्या प्रत्येक घरात परिचित आहे. ही रब्बीची ज्वारी आहे. परतीच्या पावसाच्या ओलीवर, साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. त्यामुळे डिसेंबरच्या महोत्सवात कोणी ‘नवी मालदांडी’ म्हणून दाणे दाखवत असेल, तर ते दाणे एक तर मागच्या हंगामातील आहेत किंवा ती मालदांडी नाही. मागच्या हंगामातील ज्वारीत दोष काहीच नाही, ती नीट साठवलेली असली म्हणजे झाले. पोत्यात मनगटापर्यंत हात घालून तळाची मूठभर ज्वारी वर काढावी, तळहातावर पसरून उजेडात पाहावी; दाणे टपोरे, मोतिया पांढरे आणि चमकदार असावेत, त्यांवर बारीक छिद्रे नसावीत आणि हाताला पिठूळ भुकटी लागू नये. भुकटी लागली तर आत किडे झाले आहेत. मग एक दाणा दाताखाली फोडावा; कट्‌ असा आवाज येऊन तो तुटला तर तो वाळलेला आहे, चेपला गेला तर त्यात ओल आहे आणि तो घरी टिकणार नाही.

दळलेले पीठ घेण्याचा मोह टाळावा. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि दोष मात्र सुगरणीला दिला जातो. फारतर एक किलो पीठ चव पाहण्यासाठी घ्यावे, ते कोणत्या दिवशी दळले हे विचारावे आणि बाकी ज्वारी दाण्यांच्या रूपातच न्यावी.

तूर, हरभरा, मटकी, हुलगा, जवस आणि कारळे यांच्याबाबतीतही हाच काढणीचा प्रश्न विचारावा. तूरडाळ अतिशय गुळगुळीत आणि चकाकणारी असेल तर तिला तेलाचा किंवा पाण्याचा हात देऊन पॉलिश केले आहे का, हे विचारावे. बिनपॉलिशची डाळ थोडी मळकट आणि खरखरीत दिसते आणि तिला तसेच दिसू द्यावे.

डाळिंबाचा विषय नाजूक आहे. सोलापूरच्या डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे. परंतु हे पीक तेल्या आणि मर या दोन रोगांनी वारंवार गाठले जाते. त्यामुळे ‘आमच्या डाळिंबावर काहीच फवारले नाही’ एवढे ऐकून समाधान मानू नये. बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम कोणता धरला होता, त्या वर्षी तेल्या आला होता का आणि आला तेव्हा काय केले, हे तीन प्रश्न विचारावेत. मृग बहाराची फळे साधारणतः डिसेंबर-जानेवारीत आणि हस्त बहाराची फेब्रुवारीपासून पुढे येतात, त्यामुळे बहाराचे उत्तर टेबलावरील फळाशी जुळते की नाही, हे आपल्यालाही ताडता येते. जो शेतकरी ‘दोन फवारण्या कराव्या लागल्या, बाकी सगळे शेणखत आणि दशपर्णी’ (दहा प्रकारच्या पाल्याचा अर्क) असे सांगतो, त्याच्याकडून मी फळे घेईन; रोगाचे नावही न ऐकलेल्याकडून घेणार नाही.

पाटीमागील प्रमाणपत्र

‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’ आणि ‘गावरान’ हे शब्द मंडपात सर्रास वापरले जातात, पण त्यांचे वजन सारखे नसते. ‘सेंद्रिय’ या दाव्यामागे भारतात मुख्यतः दोन व्यवस्था आहेत. पहिली २००१ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची म्हणजे एनपीओपीची. तिच्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करते आणि पाकिटावर ‘इंडिया ऑरगॅनिक’चे चिन्ह येते. दुसरी पीजीएस-इंडिया. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांची शेते तपासून परस्परांची हमी देतो, म्हणून लहान शेतकऱ्याला ती परवडते. हंगामी पिकांसाठी जमीन रासायनिक पद्धतीतून बाहेर काढण्यास साधारण दोन वर्षे आणि फळबागांसाठी तीन वर्षे मोजली जातात. या काळातील मालावर पीजीएसचे ‘ग्रीन’ चिन्ह असते आणि काळ पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’ चिन्ह मिळते. म्हणून ‘गेल्या वर्षीच सेंद्रिय सुरू केले’ असे सांगणाऱ्याच्या पाकिटावर पूर्ण सेंद्रियचे चिन्ह दिसले, तर त्याचा अर्थ विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. यांशिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे ‘जैविक भारत’ चिन्ह आहे. ते प्रमाणित मालावरच येते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. स्वतः पिकवलेला माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला नियमांनी प्रमाणपत्राच्या अटीतून सवलत दिलेली आहे. तो चिन्ह लावू शकत नाही, पण माल विकू शकतो. म्हणजे कागद नसणे हा गुन्हा नव्हे. अशा शेतकऱ्याला बियाणे कोठून आणले, खत कोणते घातले, कीड आली तेव्हा काय फवारले आणि बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याच्या शेतातून रासायनिक फवाऱ्याचा वारा किंवा पाणी येऊ नये म्हणून काय केले, हे विचारावे. शेवटचा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही आणि तोच सर्वांत उपयोगी आहे. जीवामृत हे शेण-गोमूत्राचे द्रवखत वापरतो असे कोणी म्हटले तर ते कसे बनवतो हेही विचारून पाहावे: २०० लिटर पाण्याला सुमारे १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, असे काहीतरी उत्तर तोंडपाठ यायला हवे. प्रमाणे थोडी मागेपुढे होतात. मात्र ‘तयार कॅन आणतो’ हे उत्तर वेगळ्या वर्गात मोडते.

पाकीटबंद खाद्यपदार्थ कोणाचेही असोत, त्यांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता असावा.

तेल आणि चटणी

घाण्याच्या तेलाची परीक्षा साध्या गुणाकाराने करता येते. एक लिटर शेंगदाणा तेल काढण्यास लाकडी घाण्यावर साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. त्या दिवशीचा शेंगदाण्याचा भाव अडीचने गुणावा, पेंड विकून सुटणारे थोडे पैसे वजा करावेत आणि मजुरी मिळवावी. तेलाची किंमत या आकड्यापेक्षा बरीच कमी असेल, तर त्या बाटलीत घाण्याव्यतिरिक्त आणखी काही आहे. करडईत तेलाचे प्रमाण शेंगदाण्यापेक्षा कमी असल्याने तिचे तेल महागच पडते. आपल्या भागात करडई पूर्वीपासून घेतली जाते, म्हणून चांगले करडई तेल मिळाले तर लहान बाटली जरूर घ्यावी. तळाशी थोडा गाळ असणे हा घाण्याच्या तेलाचा स्वभाव आहे, दोष नाही. वास मात्र घेऊन पाहावा. दाण्याचा ताजा वास येतो का, की जुन्या कढईतला, हे नाकाला लगेच कळते.

शेंगा चटणीच्या टेबलावर थोडे थांबावे. उखळात भाजलेले दाणे, लसूण, जिरे, मीठ आणि तिखट पडते, मुसळ बसू लागते आणि काही वेळाने कोरडी भुकटी हळूहळू तेलकट, गोळा होण्याजोगी लालसर होते; यंत्रात फिरवलेल्या चटणीचा भुगा मोकळाच राहतो. चिमटीत दाबून पाहिली की फरक कळतो. कडक भाकरी आणि ही चटणी असली तर प्रवासात दुसरे काही लागत नाही, आणि प्लास्टिकविना टिकणाऱ्या अन्नाचे धडे घेण्यासाठी दूर कोठे जाण्याची गरजही नाही.

कापड, घोंगडी आणि बियाणे

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, परंतु शहरातील बहुतेक चादरी आज यंत्रमागावर निघतात आणि अन्य ठिकाणच्या मालालाही ‘सोलापुरी’ म्हणून विकले जाते. अस्सल चादरीची विणलेली नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, छापलेली नक्षी एकाच बाजूला असते. हातमागाचा दावा असेल तर हातमाग चिन्ह मागावे. सुती आहे की मिश्र, हे पाहण्यासाठी कडेचा एक धागा मागून घ्यावा आणि मंडपाबाहेर जाऊन जाळावा. सूत कागदासारखा वास देत राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कठीण गुठळी होते. नैसर्गिक रंगाचे कापड घ्यायचे असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासून पाहावा. सांगोला-मंगळवेढा भागातील दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी मिळाली तर ती टोचते म्हणून नाकारू नये, ती टोचायचीच.

बियाण्यांच्या टेबलावर एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: वाण सरळ आहे की संकरित? सरळ वाणाचे बी आपण राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो. संकरित वाणाचे बी धरले तर पुढची रोपे मूळ झाडासारखी येत नाहीत. गावरान बियाणे जपणाऱ्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यानंतर गावरान बियाण्यांकडे शहरी लोकांचेही लक्ष गेले. गच्चीवर कुंड्या असणाऱ्यांनी वाल, घेवडा, दोडका किंवा गवार यांच्या थोड्याच बिया घ्याव्यात आणि त्या कोणत्या महिन्यात लावायच्या हे पाकिटावर तेथेच लिहून घ्यावे.

सूर्य, पाऊस आणि ओला कचरा

सोलापुरात सौर ऊर्जेला सूर्य कमी पडणार नाही, अडचण असते ती कागदांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतासाठी एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला कमाल ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले. एका किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. विक्रेत्याकडून अनुदानाआधीची आणि नंतरची किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी, पॅनेल अनुदानास पात्र अशा देशी बनावटीचे आहेत का ते विचारावे आणि मंडपात आगाऊ रक्कम देऊ नये. सोलापूरची धूळ पॅनेलवर बसते, म्हणून ती धुण्याचे पाणी आणि शिडी कोण पुरवणार हाही प्रश्न आहेच.

पावसाच्या पाण्याचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर गच्चीवर हंगामात ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातील ८० टक्के हाती लागला, तर ४०,००० लिटर पाणी होते. नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येणाऱ्या शहरात हा आकडा विक्रेत्यासमोर मांडावा आणि पहिल्या पावसाचे मळके पाणी बाजूला सोडण्याची झडप त्याच्या आराखड्यात आहे का ते पाहावे.

खताच्या डब्यांपैकी सर्वांत महागडा घेण्याची गरज नाही. भोके पाडलेली जुनी बादलीही चालते. ओल्या कचऱ्यावर दरवेळी सुक्या पानांचा किंवा कोकोपीटचा थर टाकला की वास येत नाही. आपल्या कोरड्या हवेत डबा फार लवकर सुकतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या सूचना जशाच्या तशा पाळू नयेत आणि अधूनमधून पाण्याचा शिपका द्यावा. ‘विघटनशील’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पिशव्या मात्र घरच्या बादलीत कुजत नाहीत, त्यांना औद्योगिक खतप्रकल्पाची उष्णता लागते.

औषधांची दालने

पर्यायी जीवनशैलीच्या महोत्सवात निसर्गोपचार, काढे आणि चूर्णे यांची दालने असतातच. मालिश, योगासने किंवा आहाराविषयीचे बोलणे ऐकावे. परंतु मधुमेह, कर्करोग किंवा संधिवात हमखास बरा करतो अशी पाटी दिसली, तर तेथून निघावे; अशा जाहिरातींवर १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि मुदतीची तारीख असावी. चालू असलेली औषधे महोत्सवातील कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत.

घरी आल्यावर

धान्य त्याच दिवशी पिशवीतून काढून कागदावर पसरावे, एक दिवस ऊन दाखवावे, पूर्ण गार झाल्यावर कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह कोठीत भरावे. गरम धान्य भरले तर आत घाम येतो आणि बुरशी धरते. तेल अंधाऱ्या जागी ठेवावे आणि आधी तेच संपवावे.

ज्या शेतकऱ्याची उत्तरे पटली त्याचा दूरध्वनी क्रमांक, गावाचे नाव आणि काय घेतले ते वहीत टिपून ठेवावे आणि घेतलेल्या ज्वारीची भाकरी पंधरा दिवस खाऊन पाहावी. आवडली तर जानेवारीच्या अखेरीस त्याला फोन करावा, कारण काढणीनंतर चांगला माल व्यापाऱ्याकडे लवकर जातो. इमारतीतील तीन-चार घरांनी मिळून वर्षाची ज्वारी एकत्र सांगितली की वाहतूक परवडते. भाव किलोवर ठरवावा, पोत्यावर नव्हे, वजन आपल्या दारात करावे आणि निम्मे पैसे आगाऊ, निम्मे माल पाहिल्यावर असे आधीच बोलून घ्यावे.